पांढरं कार्ड

पुराणमतवादी पक्षाचा खासदार म्हणून सरकारी खर्चाला कात्री लावण्यात एगबर्टची हयात बर्लिनमध्ये गेली. निवृत्त होऊन तो गावी परतला, तोवर अर्धांगवायूनं बायकोची वाचा गेली होती. संसदेतल्या मतदानाची उरलेली कार्डं त्यानं तिच्यापुढे ठेवली. निळं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. “आणि हा पांढरा गठ्ठा?” मेहुणीनं विचारलं. “तटस्थांचा; तळ्यात-मळ्यात करणाऱ्यांचा. मी कधी हात लावला नाही.” “घरी तर तू मतदानालाच नसायचास!” तो बायकोकडे वळला. सूप हवं? निळं. खिडकी उघडू? लाल. मेहुणी कॉफी करायला गेली, तसं त्यानं हळूच विचारलं, “गेर्लिंडे, मी परत आलो, बरं वाटलं?” तिचा डावा हात निळ्यावरून लालवर सरकला, तिथंही थांबला नाही. गठ्ठ्यातलं पांढरं कार्ड ओढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यावर छापलेलं नाव त्याचंच होतं.