घरात गाडी एकच

मी आयुष्यात बिअरला तोंड लावलं नाही, तरी दोन वर्षं गाडी सुरू करायला रोज नळीत फुंकत होते. दारू पिऊन गाडी खड्ड्यात घातली नवऱ्याने, पण श्वास तपासणारं यंत्र कोर्टाने बसवलं गाडीला, आणि घरात गाडी एकच. विस्कॉन्सिनच्या बर्फात कुडकुडत फुंका, चर्चला जाताना फुंका. शेजारीण हसून विचारायची, "कुठलं वाद्य शिकतेस, लॉरेन?" आज नवऱ्याला लायसन्स परत मिळालं. गॅरेजवाल्याने यंत्र काढून किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो ऐटीत स्टिअरिंगवर बसला. "शुक्रवार आहे. तळलेले मासे खायला जायचं ना?" आमच्याकडे शुक्रवारचे मासे बारमध्येच मिळतात. मी पट्टा लावला, त्याच्याकडे वळले आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. त्याला वाटलं, मुका घेतेय. त्याने डोळे मिटले. "फुंक," मी म्हणाले.