थंडी वाजते का?

जिन्याखाली तुमची सायकल उभी आहे, असं समजा. जाड, खाचांच्या टायरची, डोंगर चढणारी. डिसेंबरातला रविवार आहे, अजून पुरतं उजाडलेलं नाही. गल्लीत सोबती घंट्या वाजवताहेत. आणि तुमच्या व दाराच्या मध्ये आजी उभी आहे, हातात लोकरीचा स्वेटर घेऊन. दिसलं? मग उस्मानपुऱ्यातल्या श्रेयाची अवस्था तुम्हाला नीट कळली.

"सेटर घातल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय," आजी म्हणाली.

"आज्जी, मामा परत घरी पाठवेल मला!"

"त्याला म्हणावं वर ये आन् मला सांग. माझ्याच पोटचं, पण सायकलीपायी डोस्क्यानं गेलंय."

मामा वर यायला तयार नव्हताच. शिवराजमामा दर रविवारी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर सायकली न्यायचा. निघण्याआधी तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "थंडी वाजते का?" जो 'नाही' म्हणेल, त्याची रवानगी घरी. नव्या मुलांना हे उलटंच वाटायचं. मग मामा समजावायचा, "उभ्या जागी ऊब लागली, तर चढावर घामानं भिजाल. माथ्यावर वारं सुटलं की तोच घाम गार पडतो. बोटं आखडतात. आणि उतारावर आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही."

मागच्या रविवारी श्रेयाच्या अंगावर स्वेटर, त्यावर जाकीट, गळ्यात मफलर आणि डोक्यावर गोंड्याची कानटोपी होती. सगळं आजीनं चढवलेलं. कानटोपीवर हेल्मेट पालथ्या वाटीसारखं डुगडुगत होतं, पट्टा हनुवटीपर्यंत पोचतच नव्हता. मामानं विचारलं, तेव्हा ती ऐटीत म्हणाली, "अजिबात नाही!" आणि मग गॅलरीतून सगळ्यांच्या सायकलींचे लाल दिवे वळणाआड जाताना बघत बसली. आज तर टेकडीच्या मागच्या बाजूची नवी वाट उतरायची होती, वळणावळणांची. आज राहिलं, की ती वाट श्रेयाशिवायच उतरली जाणार.

म्हणून या वेळी तिनं कपडे स्वतः निवडले होते. सुती गंजी नको, ती घाम पिऊन ओलीच राहते. त्याऐवजी शाळेतल्या कबड्डीचा, चटकन वाळणारा टी-शर्ट. त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. कानांवर हेल्मेटखाली बसेल अशी पट्टी. हातमोजे पूर्ण बोटांचे, पण ब्रेकची दांडी जाणवेल इतपतच जाड. पाठीवरच्या सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"हे पातळ पोतेरं घालून जाणार व्हय?" आजीनं जाकिटाची बाही चिमटीत धरली. "भाईर लई गारठाय. लोकं मला नावं ठिवतील."

खालून पुन्हा घंट्या वाजल्या. स्वयंपाकघरात आई हसू दाबत चहा गाळत होती. तिची मदत होणार नव्हती.

श्रेयाला एकदम काहीतरी सुचलं. आजी करमाडहून हिवाळ्यापुरती राहायला आली होती. तिचा सगळा जन्म शेतात गेलेला.

"आज्जी, तू पहाटं तूर सोंगायला जायचीस ना? तेव्हा घोंगडं पांघरून सोंगायचीस का?"

"येडी का खुळी तू! घोंगडं घिऊन इळा चालंल का? घोंगडं टाकायचं बांधावर. जरा गारठलं तर गारठलं, दोन पाती काढल्या की आंग असं तापतंय, अन् मंग..."

आजी थांबली. स्वेटरकडे बघितलं. श्रेयाकडे बघितलं.

"लबाड," ती पुटपुटली. मग स्वेटरची घट्ट घडी घालून तिनं तो श्रेयाच्या सॅकमध्ये कोंबला. "ह्येबी बांधावर जाऊ दे मंग. काम थांबलं की आधी आंगावर घ्यायचा. इसरलीस तर बघ!"

श्रेयानं आजीला कडकडून मिठी मारली आणि ती जिना उतरत, जवळजवळ उड्या मारतच, गल्लीत आली. हेल्मेटचा पट्टा खटकन बसला. मामानं एकेकाला विचारायला सुरुवात केली होती.

"शिवम, थंडी वाजते का?"

"लई वाजते मामा!"

"शाबास. श्रेया?"

श्रेया 'हो' म्हणणारच होती. पण तिचे कान तापले होते. आजीशी घातलेली हुज्जत, तो जिना, आणि अंगात मावेना असा आनंद! जाकिटाच्या आत मान ओलसर झाली होती. थंडी कुठंच नव्हती.

"हो म्हण ना गं," शिवम कुजबुजला. "मामाला काय कळतंय?"

खरंच, कुणालाच कळलं नसतं. एक शब्द, की नवी वाट तिची. वर गॅलरीत आजी पदर आवळून वाकून बघत होती.

"नाही वाजत," श्रेया म्हणाली.

घंट्या थांबल्या. शिवमनं कपाळावर हात मारला. मामा तिच्याकडे वळला.

श्रेयानं सायकल भिंतीला टेकवली. सॅक उतरवली. मग जाकिटाची चेन एका झटक्यात खाली ओढली, जाकीट काढून सॅकमध्ये कोंबलं, सॅक पुन्हा पाठीवर अडकवली आणि नुसत्या टी-शर्टवर गल्लीच्या वाऱ्यात उभी राहिली.

"आगं ए पोरी!" वरून हाक आली.

वारं आरपार गेलं. दोन्ही दंडांवर काटा फुलला. दात कडकड वाजायला लागले.

"आ-आत्ता वाजते, मामा!" ती ओरडली आणि उत्तराची वाट न बघता, सगळ्यांच्या पुढे होऊन, तिनं पायडल मारलं.