साक्षीला विहीणबाई

बब्रुवान मालकाच्या केबिनमध्ये बारदान नेसून उभा होता. दोन्ही हातांनी ते कमरेशी गच्च धरलं होतं, कारण बारदानाला काही केल्या काष्टा मारता येत नाही. त्याचं धोतर अजून डाळमिलच्या मोटारीच्या पट्ट्यात अडकलेलं होतं आणि आता त्याला धोतर म्हणण्यात अर्थ नव्हता. नशीब बलवत्तर म्हणून अंगाला ओरखडाही नव्हता. अब्रूचं मात्र काही खरं नव्हतं.

"चूक ह्याचीच हाय," मालक पंचाक्षरी शेट म्हणाले. "धोतराचा सोगा सोडून मशीनपाशी गेला. उद्यापासनं ह्याला मशीन बंद. गोदाम झाडील."

उभी हयात मशीनवर घालवलेल्या माणसाच्या हातात झाडू!

सुपरवायझर आरिफ नुकताच अपघात कसे टाळायचे याचं ट्रेनिंग घेऊन आला होता. आता एखादा अपघात हाती लागलाच आहे तर तो नीट तपासल्याशिवाय सोडायचा नाही, असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

"शेट, धोतराची चूक हायच. पण पट्ट्यावर जाळी न्हवती. दसऱ्याला चाकाला हार घालायचा म्हणून तुमीच काढली."

"आन् पूजा झाल्यावर म्याच लावली. जाऊन बघ, हाय का न्हाय."

जाळी होती. बब्रुवान बारदान शोधत असताना कुणीतरी घाईघाईनं ती जागच्या जागी बसवली होती.

"शेट, जाळी न्हवतीच ओ," बब्रुवान म्हणाला.

"तू म्हणणारच. उघडा पट्टा डोळ्यानं बघितलेलं दुसरं मानूस आणा. मग चूक माझी, आन् मशीन तुझ्याकडंच."

इथंच सगळी गोम होती. हमाल बाहेर ट्रक भरत होते. आत होत्या त्या डाळ निवडणाऱ्या तिघी बायका. आणि त्यातली गंगम्मा ही बब्रुवानची विहीण. त्याची लेक तिच्या घरात नांदत होती. विहिणीसमोर हा माणूस कधी बोडक्या डोक्यानंसुद्धा आला नव्हता, आणि आज तिच्यापुढं रेघारेघांच्या चड्डीवर उभा राहिला होता. तिनं बघितलं असेल तर मशीन वाचत होतं. बघितलं नसेल तर अब्रू. दोन्ही एकदम वाचायची सोय नव्हती.

आरिफनं आधी शिवकांताला बोलावलं.

"म्या तर भिंतीकडं तोंड केलं," ती म्हणाली. "गडीमानूस तसा उभा असल्यावर कोन बघतंय, बाई!"

बब्रुवानला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

मग रुकसाना आली. "म्या डोळे गच्च मिटले, अल्ला कसम. निस्ती किंकाळी ऐकली."

"कुनाची?" आरिफनं विचारलं.

"मामांची."

शेट मिशीतल्या मिशीत हसले. बब्रुवाननं बारदान आणखी वर ओढलं.

शेवटी गंगम्मा आली. पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. बब्रुवाननं तोंड फिरवलं. महादेवा, हिला काहीएक दिसलेलं नसू दे, झाडू तर झाडू, असा नवस तो मनातल्या मनात बोलून मोकळा झाला.

"गंगम्मा मावशी, तुमी काय बघितलं?" आरिफनं विचारलं.

तिनं पदर आणखी पुढं ओढला. बोलावं की नाही, हे तिचंही ठरत नसावं.

"म्हंजी हिनंबी तोंड फिरवलं," शेट म्हणाले. "झाली चौकशी. नशीब समज बब्रुवान, येन टायमाला लाईट गेली म्हनून वाचलास. जा, झाडू घे."

झाडू म्हटल्यावर गंगम्मानं मान वर केली.

"लाईट न्हाय गेली," ती म्हणाली. "बटन म्या दाबलं."

लाईट गेली असंच बब्रुवानलाही वाटत होतं.

"डोळे झाकून बटन घावतं व्हय, शेट? ह्यांचं धोतर आत गेलं, मागनं पाय चालला व्हता. लाजत बसले असते तर सुनंला काय तोंड दाखवलं असतं? तुझा बाप चाकात गेला आन् म्या पदर सावरत व्हते, असं सांगू?" तिनं पदर खोचला. "जाळी न्हवती. दसऱ्यापासनं बारदानाच्या थप्पीमागं पडली व्हती. म्या समदं बघितलंय. समदं."

त्या दुसऱ्या 'समदं'नं बब्रुवानच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शेटनी कपाळावरच्या विभूतीवरून हात फिरवला. माणूस हट्टी होता, पण शब्दाला जागणारा होता. "कबूल. चूक माझी. जाळी आता निघायची न्हाय. पुढच्या दसऱ्याला हार जाळीवरच घालू. मशीन तुझ्याकडंच, बब्रुवान."

"आन् मामा, उद्यापासनं तुमी पँट घालायची," आरिफनं बजावलं.

बब्रुवाननं नुसती मान हलवली. आज त्याला लेंगा, पँट, काय म्हणाल ते कबूल होतं. त्याचं सगळं लक्ष विहिणीकडं होतं. हिनं आपला पाय वाचवला, जीव वाचवला, आता मशीनही वाचवलं, आणि आपण हिला आंधळी कर म्हणून देवाला साकडं घालत होतो. त्याला भरून आलं. डोळे पुसायचीही सोय नव्हती. विहिणीला जसा करायचा तसा वाकून रामराम करावा म्हणून त्यानं एक हात कमरेवरून उचलला आणि दुसराही उचलायला लागला.

"ऱ्हाऊ द्या, व्याही!" गंगम्मा घाईनं ओरडली. "हात नका जोडू!"