दोन मिनिटं

इंटरनेटच्या नियमांवर सुनावणी होती. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं.

"जे दुकान आम्हाला जादा पैसे देतं त्याचं पान आधी उघडतं. त्यात अन्याय कसला?" इंटरनेट कंपनीचे साहेब म्हणाले.

हौसाबाई उठल्या. त्यांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर फोन ठेवला आणि एका बड्या दुकानावर बोट टेकवलं. यंत्रावर विणलेली घोंगडी लगेच हजर झाली. मग आपल्या विणकर बायकांच्या दुकानावर बोट टेकवलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. याच चक्राला कंटाळून गिऱ्हाइकं गेली होती, पाच माग बंद पडले होते. हौसाबाई त्या चक्राकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या.

घंटा वाजली.

"आजी, वेळ संपली," अधिकारी म्हणाले. "तुम्ही तर काही बोललाच नाहीत."

"बोलले की, साहेब. तुमच्यापर्यंत पोचायचंय अजून."