शेवटची रांग

उत्सवासाठी चाललेला आमचा ढोलांचा सराव गावातून हाकलला तो तोकुहेई आजोबांनीच. "कान बसले माझे. जंगलात जा, रानडुकरांना ऐकवा."

आम्ही बायका ढोल घेऊन टेकडीवर गेलो आणि आजोबांच्या शिताके अळंबी पिकवायच्या ओंडक्यांशेजारीच वाजवायला लागलो. पूर्वी दर शरदात आजोबा एकेका ओंडक्यावर लाकडी हातोडा हाणून अळंबी जागी करायचे. खांदा गेला, हातोडा सुटला आणि ओंडके मुके झाले, त्यांवर अळंबी उगवेना. त्यांच्या मुलाने शेडमध्ये पिशव्यांत पीक घ्यायला सुरुवात केली. ओंडके आता सरपणाला जाणार होते.

काही दिवसांनी ते न्यायला बापलेक सकाळीच वर आले. आजोबांना पाहून आम्ही टिपरं खाली ठेवली. ते ओंडक्यांपाशी गेले आणि तिथेच थबकले. साली फोडून तपकिरी टोप्या वर आल्या होत्या, बोट ठेवायला जागा नव्हती. मुलगा हातातली दोरी टाकून टोपल्या आणायला पळाला.

आजोबा आमच्यावर खेकसले, "थांबलात कशाला? ती शेवटची रांग अजून झोपलीय. मोठा ढोल तिकडे घ्या."