अकरा वाजून दहा मिनिटं

स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी काकू आठवडाभर काकांची तयारी करून घेत होत्या. वार विचारला की काका चुकायचे. अकरा दहाचं घड्याळ काढायला सांगितलं की काटे भलतीकडेच.

“जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत आणि साधं एक काढता येईना?” काकू कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा स्वतः काढून दाखवायच्या. दिवसातून दहादा.

दवाखान्यात नंबर आला. “आता तरी धड उत्तरं द्या,” काकूंनी काकांना बजावलं.

डॉक्टरांनी केसपेपरवरचं नाव वाचलं आणि कोरा कागद व पेन्सिल काकूंपुढे सरकवली. “अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, असं घड्याळ काढा.”

काकूंनी गोंधळून काकांकडे पाहिलं.

“काढ गं,” काका म्हणाले, “रोज मला शिकवतेस तसंच.”