सोळा रंगांचा किल्ला

"बीप तर वाजला रे. चित्र कधी येतंय?" गौतमने विचारलं.

चित्र येऊन दोन मिनिटं झाली होती. त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर, जुन्या काचेच्या मॉनिटरवर, निळ्या आभाळाखाली किल्ला उभा होता. रघुवीर तोंड उघडं टाकून मित्राकडे बघतच राहिला. मग त्याने दाराशी बसलेल्या वैशालीकडे, गौतमच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"ह्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला, भाऊजी?" ती हळूच म्हणाली. "साखर डोळ्यांत उतरली. पावसाळ्यात दोन ऑपरेशनं झाली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

सांगितलं नव्हतं असं कसं म्हणायचं? फोनवर गौतम म्हणाला होता, डोळ्याचं जरा चालू आहे. आणि ह्या शहाण्याने काय समजून घेतलं, तर चष्म्याचा नंबर वाढला असेल! वर लगेच साउंड कार्ड कसं मिळवलं त्याचं पुराण लावलं. आज चाळीचा जिना चढताना वैशालीने नवऱ्याचा दंड धरला होता, तेव्हाही ह्याला वाटलं, गुडघे धरले असतील.

अडीच वर्षं रघुवीर चिंचपोकळीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत हा कॉम्प्युटर जुळवत होता. नव्वदच्या दशकात लालबागच्या क्लासात होता, अगदी तस्सा. तोच पांढुरका डबा, तीच फ्लॉपी, तोच खडखडणारा की-बोर्ड. त्या क्लासात सर जेवायला गेले की ही दोन कार्टी सोळा रंगांतला किल्ल्याचा गेम लावायची. दार उघड, दिवा घे, असले हुकूम रघुवीर इंग्रजीत टाइप करायचा. बघायचं काम गौतमचं. गवतात चार पिवळे ठिपके दिसले की तो ओरडायचा, "किल्ली रे!" रघुवीरला ती जन्मात दिसली नसती.

मागच्या चौदा एप्रिलला गौतम मिरवणुकीसाठी कल्याणहून आला होता. इथेच, ह्याच खोलीत त्याने खिशातून मोबाईल काढला होता. "बघ, आपला गेम ह्यावर चालतो. बस, खेळू या."

"हॅट! ह्याला काय खेळणं म्हणतात? हे रंग आहेत का ते?" रघुवीरने हात झटकला होता. "मॉनिटर मिळू दे. मग बोलावतो तुला."

"बरं, अर्धवट तर अर्धवट. कॉम्प्युटर दाखव तरी."

तेही नाही. रघुवीरचे वडील मिलमध्ये फिटर. शेवटचा बोल्ट बसून हळदकुंकू लागल्याशिवाय मशीनसमोर कुणाला उभं करायचं नाही, ही त्यांची शिस्त. मिल गेली, वडील गेले, पण पोराने शिस्त काही सोडली नाही. डब्यावर चादर टाकून ठेवली. ती आज सकाळी कायमची निघाली. डब्याच्या कपाळावर हळदकुंकवाची ताजी बोटं होती.

"गप्प का झालास? चित्र आलंय ना?" गौतमने ते ओळखलं होतं. "मग तू सांग की. काय दिसतंय?"

"किल्ला आहे."

"ते मला माहीत आहे, येड्या. पुढे?"

"झाड आहे. गवत आहे."

"झाड कुठल्या बाजूला? गवतात काय?"

रघुवीर पडद्याला डोळे लावून बघू लागला. गवत म्हणजे गवत. हिरवं. ज्या चित्रासाठी एवढा जीव टाकला ते त्याला कधी बघताच आलं नव्हतं. बघणारा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मोबाईल तर मोबाईल! अर्धा तास बसला असतास तर काय बिघडत होतं तुझं?

"गौतम्या, तेव्हा... एप्रिलमध्ये दिसत होतं तुला?"

"उजव्याने चांगलं दिसायचं," गौतम म्हणाला. "म्हणून तर मागे लागलो होतो तुझ्या."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. वैशालीने उगाच पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

गौतमने हात पुढे करून चाचपत मॉनिटरची काच शोधली. काच गरम झाली होती. मनगटावरचे केस उभे राहिले तसा तो खूश होऊन हसला.

"अस्संच व्हायचं रे तेव्हा! आणि रंग? रंग कसे आलेत? तसेच?"

तसेच होते. सोळाच्या सोळा. जरा पसरट, कडेला एकमेकांत मिसळलेले, क्लासातल्यासारखे हुबेहूब. ह्या रंगांसाठी रघुवीरने आठ महिने भंगारबाजार पालथे घातले होते. काल ते पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा खोलीत एकटाच होता आणि ढसाढसा रडला होता.

"नाही रे," तो म्हणाला. "नाही जमले. एकदम फिके आलेत. तुझ्या मोबाईलवरचे बरे होते."

गौतमने काचेवरचा हात काढला नाही.

"मग एवढा थांबलास कशाला, रघ्या?"